फ्रॉइडचा ‘ईगो’ आणि आपला अहंकार एकच आहेत का?

आपण विचारले आहे की मनोविश्लेषणाचा पाया घालणाऱ्या फ्रॉइडचा ‘ईगो’ म्हणजे आपला अहंकारच का, आणि तो मेल्याशिवाय अंतर्द्वंद्व सुटत नाही असे धरून साहित्यातील पात्रे वाचावीत का. दोन्हींचे उत्तर माझ्या मते ‘नाही’ असे आहे. भुसावळला पंचवीस वर्षे मराठी शिकवताना हा शब्द मी जेवढ्या वेळा उच्चारला, त्याहून अधिक वेळा तो मला स्वतःबद्दल ऐकून घ्यावा लागला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

फ्रॉइडने १९२३ च्या ग्रंथात वापरलेला जर्मन शब्द ‘इख्’ असा आहे आणि त्याचा अर्थ साधा ‘मी’. इंग्रजी अनुवादकांनी त्याच्या जागी लॅटिन शब्द योजला. तोच आपल्या घराघरांत ‘ईगो’ होऊन आला आणि ताठा, हेका, गर्व या सर्वांचे ओझे त्याच्या माथी पडले. सांख्य दर्शनातला अहंकारसुद्धा शिवी नव्हे, बुद्धीपासून उपजणारे ते एक तत्त्व आहे. फ्रॉइडचा ‘मी’ तर बिचारा आहे. खालून वासना ओढतात, वरून पराहम्, म्हणजे मनात मुरलेले वडीलधाऱ्यांचे विधिनिषेध, दटावतो, बाहेर जग उभे असते, आणि तिघांची मर्जी राखत त्याला दिवस काढायचा असतो.

वडील गेल्यावर थोरल्या भावाची आणि माझी रावेर तालुक्यातील शेताची वाटणी झाली. बांध कोठून जातो यावर वाद होता. वादातली पट्टी एवढीच, की केळीची एक ओळ कशीबशी बसावी. मोजणीचा अर्ज मी केला. त्या सकाळी भाऊंनी घरून चहाची किटली आणली आणि मोजणीदारांच्याही आधी पहिला कप माझ्यापुढे धरला. ‘भाऊ, राहू द्या, बांध आहे तिथेच बरा’ हे वाक्य मी बसमध्ये येताना अक्षरशः पाठ केले होते. तोंडून निघाले, ‘आधी मोजणी होऊ द्या.’ त्यांनी कप बांधावर ठेवला. चुन्याची रेघ पडेपर्यंत त्या चहावर साय धरली होती. ओळ माझ्या बाजूला आली, तेव्हा ते एवढेच म्हणाले, ‘शिकला अन् तुले ईगो आला.’ पुढे सहा वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

भाऊंचे निदान चुकीचे होते, असे मी आजही मानतो. ‘भावाशी वैर धरू नको’ आणि ‘हक्काचे सोडू नको’ ही दोन्ही वाक्ये वडिलांचीच, म्हणजे पराहम् स्वतःशीच भांडत होता. त्याखाली जुनी धुमस होती, की विहीर आणि घर भाऊंकडे गेले आणि मला ‘तुला नोकरी आहे’ एवढ्यावर बसवले. त्या क्षणी माझा ‘मी’ माजलेला नव्हता. तो दुबळा पडला होता.

त्याच ग्रंथात फ्रॉइडने ‘मी’ला घोडेस्वाराची उपमा दिली आहे; घोडा जाईल तिकडे जाणे भाग पडते, आणि स्वार ती आपलीच इच्छा समजतो. आमच्या आसोद्याच्या बहिणाबाईंना मन हे उभ्या पिकात शिरणारे ढोर दिसले, कितीही हाकलले तरी परत पिकावर येणारे. आपले लक्ष त्या ढोरावरच खिळते. मी मुलांना विचारत असे, हाकलणारा कोण? तोच हा ‘मी’. कथा-कादंबरीत पात्र गर्विष्ठ आहे की नम्र, याचा पंचनामा करण्यापेक्षा हा हाकलणारा कोठे थकला ते शोधावे. फ्रॉइडनेही शेक्सपिअरच्या हॅम्लेटची सूड घेण्यातली दिरंगाई गर्वाने नव्हे, दडपलेल्या इच्छेने उलगडली आहे.

म्हणून कोणी ‘ईगो सोड’ असा उपदेश केला, तर आधी सातबारा कोणाच्या नावावर आहे ते पाहावे.

फ्रॉइडची ही मांडणी प्रयोगाने सिद्ध झालेली नाही आणि आजचे अनेक मानसशास्त्रज्ञ ती जशीच्या तशी स्वीकारत नाहीत, हेही सांगायला हवे. वाचनासाठी ती उपयोगी आहे, रोगनिदानासाठी नव्हे. मानसशास्त्र शिकणाऱ्या माझ्या पुतण्याला हे उत्तर वाचून दाखवले, तेव्हा तो म्हणाला, ‘काका, आधी वागायचे आणि मागाहून शोभेसे कारण शोधायचे, याला आमच्या पुस्तकात समर्थन म्हणतात.’ तो भाऊंचा मुलगा आहे, हे ध्यानात घेऊन त्याचे मत वाचावे.