न्यूयॉर्कचा प्रयोगशील चित्रपटकार जॅक स्मिथ याचा ‘नॉर्मल लव्ह’ हा चित्रपट प्रत्येक ठिकाणी वेगळ्या लांबीचा का? त्याचं काम बघायला सुरुवात कुठून करावी?

‘नॉर्मल लव्ह’ त्याने पुरा केलाच नाही, म्हणून. पैशाची चणचण होतीच, पण खरं कारण त्याच्या आधीच्या चित्रपटात आहे.

‘फ्लेमिंग क्रीचर्स’ 1962 मध्ये न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला, विंडसर थिएटरच्या गच्चीवर, मुदत उलटलेल्या 16 मिमी कृष्णधवल फिल्मवर काढला. मार्च 1964 मध्ये पोलिसांनी तो जप्त केला आणि खेळ लावणारे जोनास मेकस, केन जेकब्स, फ्लॉरेन्स कार्फ अश्लीलतेच्या खटल्यात दोषी ठरले. 1968 मध्ये न्यायमूर्ती एब फोर्टास यांचं नाव अमेरिकेच्या सरन्यायाधीशपदासाठी आलं, तेव्हा सिनेटर स्ट्रॉम थरमंड यांनी हीच फिल्म त्यांच्याविरुद्ध वापरली. स्मिथच्या लेखी तो विनोदी चित्रपट होता. लोक हसायचे थांबून खटल्यावर बोलायला लागले, याचा राग स्मिथ 1989 मध्ये एड्सने जाईपर्यंत मेकसवर काढत राहिला.

त्यानंतर पक्की प्रत काढायचीच नाही, असा त्याचा पवित्रा दिसतो. खेळ चालू असतानाच तो रिळं काढून घ्यायचा, तुकडे फाडून मास्किंग टेपने नव्या क्रमाने जोडायचा आणि पुन्हा चढवायचा. आवाजासाठी बाजूला तबकड्या वाजत. 16 मिमीचं 100 फुटी रीळ 24 फ्रेमच्या वेगाने जेमतेम पावणेतीन मिनिटं चालतं. अशी दोन-चार रिळं इकडची तिकडे झाली की खेळाची लांबी बदललीच. त्यात रिव्हर्सल फिल्मवर, म्हणजे जिच्यावर थेट सरळ चित्रच उमटतं अशा फिल्मवर, निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यातून निघालेली मूळ पट्टीच तो प्रोजेक्टरवर चढवत होता, म्हणजे चरे पडणार ते मूळ मालावरच. जुन्या टेपचा गोंद सुटतो किंवा पाझरून शेजारच्या फ्रेमला चिकटतो, त्यामुळे प्रत काढण्याआधी एकेक सांधा उघडून नव्याने जोडावा लागतो. जेरी टार्टाग्लिया यांनी हे काम केलं. आज दिसणारा सुमारे दोन तासांचा ‘नॉर्मल लव्ह’ म्हणजे त्यांनी लावलेला एक क्रम. त्याला ‘अंतिम’ म्हणू नका.

सुरुवात ‘फ्लेमिंग क्रीचर्स’पासूनच करा, 43 मिनिटांत होतो. चित्र फिकट, काळा रंग राखाडी दिसला म्हणून टीव्हीचा कॉन्ट्रास्ट वाढवू नका. जुन्या फिल्मवर धुकं चढतं, आणि रिव्हर्सलमध्ये त्याचा पहिला फटका काळ्याला बसतो. ती धूसर चमकच या चित्रपटाची जान आहे; कॉन्ट्रास्ट वाढवलात तर गर्दीतले चेहरेच हरवतील.

नट म्हणून बघायचा तर जेकब्सचा ‘ब्लाँड कोब्रा’. बराच वेळ पडदा निव्वळ काळा आणि अंधारातून स्मिथची बडबड. कॉपी बिघडलेली नाही. खेळात ठरलेल्या जागी प्रेक्षागृहात खराखुरा रेडिओ लावायचा, जे लागलं असेल ते ऐकवायचं, अशी योजना आहे. घरी बघताना हे हटकून राहून जातं. रॉन राइसचा ‘चमलम’ त्यानंतर.

स्मिथच्या वारशाबद्दल लोक पटकन पॉप-आर्टवाला चित्रकार अँडी वॉरहॉलचं नाव घेतात. ते खरंच आहे: मारिओ मोंतेझ हा नट स्मिथकडून तिकडे गेला आणि वॉरहॉल स्वतः ‘नॉर्मल लव्ह’मधल्या केकच्या भल्यामोठ्या सेटवर नाचला. पण मला रंगभूमीवरचा ठसा जास्त खोल वाटतो. रॉबर्ट विल्सन, रिचर्ड फोरमन या नाट्यदिग्दर्शकांनी स्मिथचे रात्र-रात्र रेंगाळणारे, वेळेवर कधीच सुरू न होणारे प्रयोग पाहिले होते. त्या प्रयोगांचं रीळ नाही, म्हणून चर्चाही कमी.