डोंगरवाटेवर बुटांऐवजी सँडल

प्रश्न : लांबच्या डोंगरवाटेवर बुटांत पाय घामेजून फोड येतात. त्याऐवजी सँडल वापरल्यास घोटा मुरगळण्याचा धोका वाढेल का?

उत्तर : आपली शंका रास्त आहे, परंतु घोटा सावरण्याचे बरेचसे काम बुटाच्या उंच कडेपेक्षा घोट्याभोवतीचे स्नायू आणि पाऊल टाकण्यातली सावधता करत असते. फोड येतात ते ओलावा आणि घर्षण यांमुळे. सँडलमध्ये पाय हवेशीर राहतो, ओढा ओलांडल्यावर लवकर सुकतो, म्हणून मळलेल्या वाटेवर आणि पाठीवर हलके ओझे असताना मी सँडलच सुचवेन. मात्र ती साधी चप्पल नसावी. अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनमधील नदी-मार्गदर्शक मार्क थॅचर यांनी १९८०च्या दशकात चपलेला घोट्याचा पट्टा जोडला, तो नेमका ती पायातून निसटू नये म्हणून.

खरेदीच्या वेळी मागचा पट्टा आवळून उतारावर उभे राहून पाहावे. बोटे तळव्याच्या काठाबाहेर सरकत असतील, तर ती जोडी घेऊच नये. नवी जोडी आधी छोट्या फेऱ्यांत वापरावी, कारण पट्ट्याखाली वाळूचे चार कण अडकले, तरी तासाभरात कातडी सोलवटते. असे जाणवताच थांबून पाय धुवावा. कोरड्या पडलेल्या टाचांना भेगा पडतात, त्यामुळे रात्री मलम लावावे, आणि पावलाच्या वरच्या भागाला ऊन लागते हेही ध्यानात ठेवावे.

बर्फ, काटेरी झुडपे, सुटे दगड किंवा जड पाठपिशवी असेल, तर मात्र बूटच घालावेत.