तिखट सोडलं, तरी डोळे कोरडेच!

प्रश्न : माझं वय 54. वर्षभर डोळ्यांत कचरा गेल्यासारखं खुपतं, चुरचुरतं आणि मधूनच घळाघळा पाणी येतं. डॉक्टरांनी ‘ड्राय आय’ सांगून ड्रॉप्स दिले. सासूबाईंच्या मते कांदा-लसूण चटणीची उष्णता डोळ्यांत उतरली आहे. म्हणून तिखट, लसूण, अंडी, चहा सगळं बंद केलं. फरक शून्य. आता हळदही सोडू का?
– एक भगिनी, इचलकरंजी

उत्तर : हळद राहू द्या, आणि अंडी तर आजच सुरू करा. अंडी, गाजर, पालेभाज्या यांतून मिळणारं ‘अ’ जीवनसत्त्व डोळ्यांना हवंच असतं. पथ्याच्या नावाखाली नेमकं तेच तोडण्यात काय हशील?

पोटात गेलेल्या मिरचीमुळे डोळे कोरडे पडतात, असा पुरावा नाही. झणझणीत रस्सा खाल्ला की उलट नाकाडोळ्यांतून पाणी येतं. तुमचं घळाघळा पाणी मात्र वेगळं. पापणीच्या कडेला बारीक तैलग्रंथी असतात. त्यांचं तेल कमी पडलं की अश्रू चटकन सुकतात, डोळा चुरचुरतो आणि मेंदू घाईने पाणी सोडतो. ते गालावर ओघळून जातं, डोळ्यावर टिकत नाही. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये हा त्रास वाढतो. त्यात चटणीचा काही दोष नाही.

चटणी करताना मात्र तिचा दोष आहे! मिरच्या भाजतानाचा खाट, डंकावर उडणारा खकाणा, फोडणीचा धूर हे थेट डोळ्याला लागतं, आणि कोरड्या डोळ्याला जास्तच झोंबतं. मला रुग्णाला विचारावंसं वाटतं ते हे : त्रास जेवल्यावर वाढतो की ओट्यापाशी उभं राहिल्यावर? उत्तर बहुधा दुसरं असतं. तेव्हा मिरच्या भाजताना खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा, साधा चष्मा घाला. डंकावर यंदा घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. सासूबाई आहेतच.

खाण्याचा संबंध येतो तो दोन ठिकाणी. तिखट किंवा गरम खाल्ल्यावर गाल-नाक लालबुंद होऊन डोळेही लाल होत असतील, तर रोझेशिया हा त्वचेचा विकार असू शकतो. तिथे तिखट खरंच आवरावं लागतं. आणि तोंडही कोरडं पडत असेल, भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नसेल, सांधे दुखत असतील, तर श्योग्रेन या आजाराची तपासणी करून घ्या; त्यात शरीराची प्रतिकारशक्ती लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवरच उलटते. तोंड कोरडं पडल्याने तिखट जिभेला सोसत नाही, म्हणून लोक मसाल्यालाच दोष देत बसतात.

दोन-तीन कप चहाने काही बिघडत नाही. माशाच्या तेलाच्या महागड्या कॅप्सूल कुणी सुचवल्या असतील तर ऐका : 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी चाचणीत माशाच्या तेलातलं ओमेगा-3 हे स्निग्धाम्ल रोज 3 ग्रॅम वर्षभर देऊनही ऑलिव्ह तेलापेक्षा जास्त गुण आला नाही. त्या पैशांत बांगडा आणा.

सर्दी-अ‍ॅलर्जीची गोळी रोज घेता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. सेटिरिझिनसारख्या गोळ्यांनी डोळे कोरडे पडतात. घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. रोज पाच-दहा मिनिटं मिटलेल्या पापण्या गरम, ओल्या फडक्याने शेका, मग कडा हलकेच चोळा. गुलाबपाणी, मध, तूप यांतलं काहीही डोळ्यांत घालू नका.