‘कधी कधी’ येणाऱ्या एररबद्दल

प्रिय,

तुझी मेल वाचली. इनव्हॉइस सेव्ह करताना कधी कधी एरर येते, पुन्हा बटण दाबलं की चालतं, आणि सपोर्टवाले म्हणतात की एसक्यूएल सर्व्हर (डेटा सांभाळणारा डेटाबेस) रिस्टार्ट करून टाकू. तसं करण्याआधी निदान पाच मिनिटं मागून घे. रिस्टार्टने तक्रार थांबते, पण त्या क्षणी कोण कोणाला अडवून बसलं होतं आणि कॅशमध्ये क्वेरीचा कुठला प्लॅन (ती चालवायची सर्व्हरने ठरवून साठवलेली पद्धत) होता, हा सगळा पुरावा जातो. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून.

‘कधी कधी’ला नेहमीच काहीतरी वेळापत्रक असतं, फक्त ते अजून कोणी मांडलेलं नसतं. एरर आलेल्या वेळा मिनिटासकट लिहून काढ. शेजारी स्क्रीन, युजर, शाखा. तुमचं सॉफ्टवेअर हिशेबाचं आहे. दरमहा भरायच्या जीएसटी रिटर्नमध्ये जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारखेला, ३बी ची २० तारखेला, म्हणजे त्याच्या आदल्या दोन दिवसांत मोठे रिपोर्ट आणि बिलांची एंट्री एकाच वेळी चालणार. एरर तिथे दाटल्या असतील तर लॉकिंगकडे बघ, म्हणजे एकाने धरून ठेवलेल्या नोंदींसाठी दुसरा थांबतोय का ते. रोज सकाळी पहिल्याच युजरला येत असेल, तर रात्रभर पडून राहिलेलं कनेक्शन मधल्या फायरवॉलने तोडलंय का ते बघ.

मग एररचा मजकूर पूर्ण वाच. पहिले दोन शब्द बघून सगळे ‘टाइमआउट’ म्हणतात, पण एडीओ डॉट नेटमध्ये (डॉट नेटचा डेटाबेसशी बोलणारा भाग) टाइमआउट निरनिराळे असतात. कमांड टाइमआउट (एका क्वेरीला दिलेला वेळ) मुळात ३० सेकंदांचा. लॉगमध्ये दर वेळी बरोबर तीसच सेकंद दिसत असतील, तर क्वेरी सर्व्हरपर्यंत पोचली आणि तिथे अडकली. १५ सेकंदांनी एरर येत असेल आणि मजकुरात कनेक्शन पूलचा (पुन्हा वापरायला उघड्या ठेवलेल्या कनेक्शनचा साठा) उल्लेख असेल, तर क्वेरी सर्व्हरकडे गेलेलीच नाही. पूलची कमाल मर्यादा मुळात १०० कनेक्शनची असते. कुठेतरी एक्सेप्शन आल्यावर कनेक्शन बंद होत नाही, आणि हळूहळू शंभरही संपतात. अशा वेळी सर्व्हर निवांत असतो, सीपीयू हलतही नाही, आणि डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) बिचारा ‘माझ्याकडे काही नाही’ म्हणतो ते खरंच असतं. काम संपलं की कनेक्शन आपोआप बंद करणाऱ्या ‘यूझिंग’शिवाय ते कोडमध्ये कुठे उघडलंय ते शोध.

१२०५ नंबर असेल तर तो डेडलॉक. तुमच्याकडे बिल सेव्ह करताना आधी स्टॉक आणि मग लेजर अपडेट होतं. माल परतीच्या स्क्रीनवर हाच क्रम उलटा असेल, तर दोघं एकमेकांच्या लॉकसाठी थांबतात आणि सर्व्हर एकाचा बळी देतो. डेडलॉक ग्राफ (कोण कशासाठी अडलं होतं त्याची नोंद) सर्व्हरच्याच ‘सिस्टिम हेल्थ’ सेशनमध्ये आपोआप साठतो, २००८ च्या आवृत्तीपासून. ती साठवण फिरती असते, जुनं पुसलं जातं, म्हणून त्याच दिवशी काढून ठेव. इथे रिट्राय रास्त आहे, पण अख्ख्या ट्रॅन्झॅक्शनचा (सगळी होतात किंवा एकही नाही, अशा कामांचा गट), शेवटच्या स्टेटमेंटचा नव्हे. खरा उपाय मात्र दोन्ही स्क्रीनचा क्रम एक करणं हाच.

आता जे मला सगळ्यात घातक वाटतं ते. तीस सेकंदांनी क्लायंटने हात टेकले की क्वेरी रद्द होते, पण ‘एक्सॅक्ट अबॉर्ट’ (अशा वेळी अख्खं ट्रॅन्झॅक्शन मागे घेणारं सेटिंग) बंद असेल तर सर्व्हरवर उघडलेलं ट्रॅन्झॅक्शन आपोआप रोलबॅक होत नाही. कोडनेही रोलबॅक केला नाही, तर ते कनेक्शन पूलमध्ये जाऊन बसतं आणि पुन्हा वापरलं जाईपर्यंत लॉक धरून ठेवतं. म्हणजे एका टाइमआउटमधून पुढचे दहा जन्मतात. चालू रिक्वेस्टच्या डीएमव्हीमध्ये (सर्व्हरची आतली स्थिती दाखवणाऱ्या तक्त्यात) ब्लॉकिंग सेशन आयडीची साखळी मुळापर्यंत धर. मुळाशी ‘स्लीपिंग’, म्हणजे काहीच न करणारं, सेशन आणि त्याच्या नावावर उघडं ट्रॅन्झॅक्शन दिसलं, तर चोर सापडला.

तू लिहिलंस की तीच क्वेरी मॅनेजमेंट स्टुडिओत (हाताने क्वेरी चालवायच्या टूलमध्ये) दोन सेकंदांत येते. तिथे ‘अरिथअबॉर्ट’ हे सेटिंग मुळात चालू असतं, डॉट नेटमधून बंद. त्यामुळे दोघांचे प्लॅन वेगळे कॅश होतात, आणि तुझी चाचणी दुसऱ्याच प्लॅनवर होते. स्टुडिओत ते बंद करून पुन्हा चालव. अ‍ॅपचा प्लॅन बहुधा चार बिलं असलेल्या पार्टीसाठी बनलेला असेल आणि लाखभर बिलांच्या पार्टीलाही तोच लावला जात असेल: पहिल्या गिऱ्हाईकाच्या मापाचा सदरा सगळ्यांच्या अंगात घालावा तसा. २०१६ किंवा त्यापुढची आवृत्ती असेल तर क्वेरी स्टोअर चालू कर. एकाच क्वेरीचे दोन प्लॅन वेळेसकट शेजारी दिसतील.

कोणी ‘नोलॉक टाका’ म्हणेल, म्हणजे लॉकची पर्वा न करता वाचा. हिशेबाच्या आकड्यांवर ते कदापि करू नकोस. कमिट न झालेल्या नोंदी दिसतात, काही ओळी सुटतात, काही दोनदा मोजल्या जातात, आणि ते चूक ताळेबंद घेऊन समोरचा माणूस रिटर्न भरतो. वाचणारे आणि लिहिणारे एकमेकांना अडवत असतील, तर रीड कमिटेड स्नॅपशॉटचा (वाचणाऱ्याला आधीची कमिट झालेली प्रत देणारं सेटिंग) विचार कर, टेस्ट सर्व्हरवर टेंपडीबीची (सर्व्हरचा तात्पुरता डेटाबेस) वाढ बघूनच.

टाइमआउट तीसचा तीनशे करायचंही तूर्त थांबव. नुसतं लोकांना जास्त वेळ ताटकळत ठेवशील.

वेळांची यादी, एररचा पूर्ण मजकूर आणि सेव्ह बटणामागचं ट्रॅन्झॅक्शनचं कोड एवढं मला पाठव. डेडलॉक ग्राफ मिळाला तर तोही, एक्सएमएल स्वरूपात. स्क्रीनशॉट नको, त्यात लॉक कुठल्या इंडेक्सवर आहे ते धड वाचता येत नाही.

तुझा,
दादा