वाचकांचे प्रश्न: गोधडीवर चांदणी लावू का?

प्रश्न: माझी मुलगी लाटवियातल्या रीगा शहरात शिकते. तिच्यासाठी मी आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवते आहे. तिने तिथल्या आठ टोकांच्या चांदणीचा फोटो पाठवलाय. ती गोधडीच्या मधोमध लावावी का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर: ताई, चांदणी सुंदरच आहे. तिला तिकडे ‘औसेक्लिस’ म्हणतात, म्हणजे पहाटतारा. पण मधोमध नको. का, ते तिथल्याच लोकांच्या गोष्टीवरून कळेल.

1944 साली सोव्हिएत सैन्य चालून आलं, तेव्हा लाखाहून जास्त लाटवियन माणसं देश सोडून जर्मनी-स्वीडनकडे निघाली. युद्धानंतर कित्येक वर्षं जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावण्यांत गेली, मग कोणी अमेरिका गाठली, कोणी कॅनडा, कोणी ऑस्ट्रेलिया. छावण्यांतही बायका विणत राहिल्या. काय विणलं? आपापल्या भागाचा पोशाख! तिकडे घागऱ्यावरून, कमरपट्ट्यावरून माणूस कुठला ते कळतं. नीत्सा भागाचा घागरा लालभडक. लिएलवार्दे भागाचा पट्टा लाल-पांढरा, कमरेला अनेक वेढे बसतील एवढा लांब, आणि त्यावरची नक्षी पुढे पुढे बदलत जाते. परदेशात जन्मलेल्या नातीसुद्धा आजीच्याच गावाचा पोशाख घालतात, गाव कधी पाहिलेलं नसलं तरी.

हे वाचलं तेव्हा मला माझे बाबा आठवले. आम्ही कोष्टी, गोळीबार चौकाजवळ घरातच माग होता. बाबा लुगड्याच्या काठावरून बोट फिरवायचे आणि सांगायचे, हे उमरेडचं, हे पवनीचं. करवती काठ, म्हणजे करवतीसारख्या दात्यांचा काठ, विणताना तीन धोटे (आडवं सूत नेणारी मागाची हत्यारं) लागतात, काठाचं आणि अंगाचं सूत दात्या-दात्यात अडकवत जावं लागतं. घाईचं ते काम नव्हे.

म्हणून मधोमध करवतीचे दातेच येऊ द्या. आईच्या लुगड्याचे काठ कापून टाकू नका, मधे लावून उरतील ते चारही बाजूंनी फिरवा. आतल्या थरात एक जुनी लोकरी शाल घाला, रीगाच्या हिवाळ्यात नुसतं सुती पुरणार नाही. धावदोरा बारीक ठेवा, सूत जुनं आहे.

चांदणीसाठी एक कोपरा मोकळा सोडा. ती लेकीलाच टाचू द्या, तिथल्या लोकरीने. मागच्या बाजूला दोऱ्याने आईच्या गावाचं नाव काढा. गाव कोणतं, ते मलाही कळवा. लुगडं कुठल्या मागावरचं, काठ पाहून सांगायचा प्रयत्न करीन.