शेजारच्या अंगणातला पाचोळा: वाचकांची प्रश्नोत्तरे

पानगळ सुरू झाली की घरच्या घरी खत करण्याच्या या सदराकडे येणारे प्रश्न एकदम बदलतात. एरवी चिलटं, अळ्या आणि वास यांच्याबद्दल विचारणारे वाचक आता शेजाऱ्यांच्या झाडांकडे बघू लागलेले दिसतात. मला त्याचा मनापासून आनंद होतो. या वेळी त्यातलेच काही प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न: माझ्याकडे झाड नाही, गॅलरीत खताच्या दोन पेट्या आहेत. समोरच्या घरी रोज पाचोळ्याचा ढीग लागतो आणि संध्याकाळी तो पेटवून देतात. मागायला संकोच वाटतो. काय करू?

मागा. आजच मागा. पाचोळा हा त्यांच्या दृष्टीने रोजचा त्रास आहे आणि तो कोणी उचलून नेत असेल तर त्यांना बरंच वाटेल. फक्त जाताना धुराची तक्रार घेऊन जाऊ नका. धूर वाईटच आहे. अर्धवट ओली पानं पेटण्याऐवजी धुमसत राहतात, त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि फुफ्फुसात खोलवर जाणारे सूक्ष्म कण बाहेर पडतात. पण तो विषय पहिल्या भेटीत काढलात तर बोलणं तिथेच संपेल. पानं पोत्यांत भरून जाऊ लागली की जाळणं बहुतेक वेळा आपोआप थांबतं.

अंगण झाडतं कोण, ते आधी बघा आणि त्या व्यक्तीशी स्वतंत्रपणे बोला, कारण पोतं भरणारे हात त्यांचे आहेत. पोती तुम्ही द्या. ती विणलेली असावीत, प्लॅस्टिकच्या बंद पिशव्या नकोत. उचलण्याचा वार ठरवा आणि तो चुकवू नका. भरलेली पोती दोन-तीन दिवस फाटकाशी पडून राहिली की तुमची गरज त्यांची अडचण होते आणि पुन्हा काडी पेटते. पहिलं खत तयार झालं की त्यांच्या कुंड्यांसाठी डबाभर नेऊन द्या. आपल्याच झाडाची पानं अशी काळीभोर होऊन परत आलेली पाहिली की माणसं पुढच्या वर्षी स्वतःहून हाक मारतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

प्रश्न: रोज साधारण अर्धा किलो ओला कचरा निघतो. कुजवणाऱ्या जिवाणूंचं विरजण घालते, रोज हलवते, तरी पेटीला घाण वास येतो आणि तळाशी पाणी साठतं. कुठे चुकतंय?

तुमच्या पेटीत पाचोळा कमी पडतोय, बाकी काही बिघडलेलं नाही. अशी पत्रं मला सर्वांत जास्त येतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंना कार्बन लागतो ऊर्जेसाठी आणि नायट्रोजन लागतो शरीर बांधण्यासाठी. सुरुवातीला नायट्रोजनच्या एका भागाला कार्बनचे २५ ते ३० भाग असले की काम झपाट्याने चालतं. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात हे प्रमाण १५ ते २० च्या आसपास असतं, सुक्या पानांत ते साधारण ४० ते ८०. नुसता ओला कचरा साठवला की जास्तीचा नायट्रोजन अमोनिया होऊन उडतो. नाकात झणझणीत शिरतो तो वास याचा. शिवाय ओल्या कचऱ्यात सुमारे ८० टक्के पाणीच असतं. ते खाली उतरतं, मधल्या फटी बुजतात, हवा संपते आणि मग सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. दोन्ही वासांवर उपाय एकच आहे.

हिशेब केला तर एक किलो ओल्या कचऱ्याला पाव ते अर्धा किलो सुकी पानं लागतात. रोज वजन करत बसायची गरज नाही. एक वाडगा ओला कचरा असेल तर त्याच वाडग्याने दोन ते तीन वाडगे पाचोळा, आणि शेवटचा थर नेहमी पाचोळ्याचा. ओला कचरा डोळ्यांना दिसता कामा नये. चिलटांना अंडी घालायला उघडी ओली जागा मिळाली नाही की त्यांचाही उपद्रव कमी होतो. मूठभर मिश्रण घट्ट पिळून बघा. हात ओलसर व्हावा, एखाददुसरा थेंब दिसावा. धार लागली तर आणखी पानं घाला.

आता वर्षाचा विचार करा. रोजच्या अर्ध्या किलोला वर्षभरात ४५ ते ९० किलो सुकी पानं लागतील. पानगळ मात्र काही आठवड्यांची असते आणि तुमचा ओला कचरा बारा महिने निघतो. म्हणून शेजाऱ्यांकडून पानं आणायची ती आजच्या पेटीसाठी नव्हे, पुढच्या दहा-अकरा महिन्यांसाठी. ती पूर्ण वाळवा, हातापायांनी चुरडून पोत्यात दाबून भरा आणि पावसाचं पाणी लागणार नाही अशा जागी, जमिनीपासून थोडी उंच ठेवा. चुरडलेल्या पानांना जागा कितीतरी कमी लागते. सुकी पानं भुरूभुरू पेटतात, तेव्हा चूल, देवघर, विजेचं मीटर यांच्याजवळ पोती नकोत.

प्रश्न: सहा महिन्यांपूर्वी शेजाऱ्यांकडून आठ पोती पानं आणून ड्रम भरला. आज उघडला तर पानं जशीच्या तशी. आता टाकून देऊ का?

टाकू नका. ड्रम मोकळ्या जागी उपडा करून पानं काठीने चाळून बघा. वरची पानं कुरकुरीत निघतील. मधे गेलात की ती एकावर एक चिकटून जुन्या भिजलेल्या वहीच्या पानांसारखे गठ्ठे झालेले दिसतील. गठ्ठा सोडवलात तर बाहेरची कड तपकिरी, आतली पानं मात्र कोरडी आणि त्यांच्या शिरासुद्धा शाबूत. चपटी पानं दबली की त्यांचं छप्पर होतं. वरून ओतलेलं पाणी त्यावरून घरंगळून ड्रमच्या कडेने खाली जातं आणि हवाही आत पोचत नाही.

त्यात नायट्रोजनही नव्हता. पानं झाडावरून पडण्याआधीच झाड त्यांतला बराच नायट्रोजन आणि फॉस्फरस परत ओढून घेतं, साधारण निम्मा. मागे राहतं ते पानाचा सांगाडा बनवणारं सेल्युलोज आणि चिवट लिग्निन, आणि पृष्ठभागावरचं मेण. जिवाणूंना एवढ्यावर भागवता येत नाही.

गठ्ठे फोडा, पानं चुरडा. सुकलेली असतील तर गोणपाटावर पसरून पायाखाली तुडवली तरी चालतं. मग पाण्याच्या बादलीत बुडवून निथळून घ्या, वरून शिंपडलेलं पाणी मेणावर टिकत नाही. नंतर शेण, ताजं कापलेलं गवत किंवा साठलेला ओला कचरा मिसळा. थर लावण्यापेक्षा कालवलेलं बरं. दर आठ-दहा दिवसांनी वरचं खाली करा. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला जी पद्धत बसवली, तिच्यातही मिश्र पालापाचोळा, शेण, पुरेशी ओल आणि वेळेवर पलटणं हेच मुख्य होतं. त्या पद्धतीने साधारण तीन महिन्यांत खत तयार होई.

ढीग तापावा अशी इच्छा असेल तर तो निदान तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तेवढाच उंच हवा. त्याहून लहान ढिगातली उष्णता टिकत नाही. छोटा ड्रम गरम झाला नाही म्हणून नाउमेद होऊ नका. थंड ढीगही कुजतो, फक्त सावकाश.

प्रश्न: शेजारी निलगिरी आणि कडुनिंब आहे, दुसऱ्या बाजूला वड. कोणती पानं घेऊ नयेत? सुरूसारख्या काटेरी पानांनी खत आंबट होतं का?

तिन्ही घ्या. निलगिरीतली तेलं कुजताना मोडतात, पण ती पानं एकटी न वापरता इतर पानांत मिसळा. कडुनिंबाने जिवाणू मरतात हा समज बराच पसरला आहे. प्रत्यक्षात त्या पानांचं गांडूळखतसुद्धा व्यवस्थित होतं. वडाची, फणसाची, आंब्याची पानं जाड आणि चामड्यासारखी असतात, त्यांना चुरडणं आणि वेळ दोन्ही जास्त द्या. गुलमोहर, चिंच, शेवगा यांची बारीक पानं मात्र काही न करता मुरतात. ती मिळाली तर आधी घ्या.

काळ्या अक्रोडाच्या पानांत जुग्लोन नावाचं द्रव्य असतं, ते टोमॅटोसारख्या झाडांना मारक आहे. पण हवा, ओल आणि जिवाणू मिळाले की ते काही आठवड्यांत मोडतं. कण्हेरीची पानं विषारी असतात. ती हातमोजे घालून हाताळा, गुरांपुढे कधीही टाकू नका, जाळू तर नकाच. कुजताना तिचं विषही मोडतं. पाइन किंवा सुरूची ताजी काडी आम्लधर्मी असते, पण पूर्ण मुरलेलं खत जवळपास उदासीन होतं. आंबटपणाची भीती मनातून काढून टाका.

प्रश्न: फुकट मिळालेल्या पोत्यात काय काय असतं याची खात्री कशी करायची?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, आणि सगळ्यांनी विचारायला हवा. झाडापेक्षा जमीन तपासा, कारण पानं ज्या जमिनीवर पडतात तिथलं सगळं सोबत घेऊन येतात.

रहदारीच्या रस्त्याकडेची झाडलोट घेऊ नका. तिच्यात इंजिनाचं तेल, टायरची भुकटी आणि जड धातू असतात, आणि धातू कितीही कुजवलं तरी नाहीसे होत नाहीत. कुत्रं-मांजर ज्या अंगणात विधी करतं तिथली पानं भाजीच्या खतासाठी नकोत. त्यांच्या विष्ठेतल्या काही जंतांची अंडी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. ५५ अंशांच्या वर काही दिवस टिकलेल्या उष्णतेने ती मरतात, पण घरच्या पेटीत तेवढी उष्णता होत नाही.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे तणनाशक. रुंद पानांचं तण मारण्यासाठी हिरवळीवर किंवा कुरणांत मारली जाणारी क्लोपायरॅलिड आणि अमिनोपायरॅलिड ही द्रव्यं खत झाल्यावरही महिनोन्महिने टिकतात. हे मी एका वर्षी सोसलं आहे. पानांत कापलेलं गवत मिसळलेली पोती मी आनंदाने आणली, खत सुंदर झालं, आणि ते घातलेल्या टोमॅटोच्या रोपांचे शेंडे पंधरा दिवसांत नेच्याच्या कोवळ्या कोंबासारखे गुंडाळले गेले. पानं अरुंद झाली, कडा आत वळल्या. त्या शेजाऱ्यांना मी विचारलंच नव्हतं, त्यामुळे त्यांनी सांगण्याचा प्रश्नच आला नाही.

तेव्हापासून पोतं उचलण्याआधी मी विचारते: हिरवळीवर किंवा झाडांवर या हंगामात काही फवारलं का? कधी? उत्तर नक्की नसेल तर त्या पोत्यांचं खत वेगळं ठेवा आणि चाचणी घ्या. दोन कुंड्या घ्या. एकीत तुमची नेहमीची माती, दुसरीत हे खत मिसळलेली तीच माती. दोन्हींत घेवड्याच्या चार-चार बिया पेरून तीन आठवडे वाट बघा. दुसऱ्या कुंडीतली पानं वाकडी किंवा गुंडाळलेली आली तर ते खत वापरू नका.

प्रश्न: पाचोळ्याने वाळवी, विंचू, साप येतील असं घरचे म्हणतात.

घरच्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. कोरडा, न हलवलेला, भिंतीला टेकवलेला ढीग या सगळ्यांना आवडतो. म्हणून ढीग भिंतीपासून आणि लाकडी सामानापासून लांब ठेवा, ओला ठेवा आणि नियमित पलटा. उघड्या हाताने पोत्यात हात घालू नका. आधी काठीने हलवा, मग मोकळ्या जागी उपडं करा.

प्रश्न: ओला कचरा माझ्याकडे नाहीच, पानं मात्र ढीगभर मिळतात. नुसत्या पानांचं काही होतं का?

होतं, आणि कुंड्यांसाठी मला ते फार आवडतं. जाळीचा गोल पिंजरा करा, भिजवलेली पानं भरा, वर गोणपाट टाका आणि ओल राखा. इथे काम बुरशी करते. उष्णता नाही, वास नाही, घाई नाही. उबदार हवेत सहा महिने ते वर्ष, थंडीच्या प्रदेशात दोन वर्षंही लागतात. पांढरे धागे दिसले तर घाबरू नका, लिग्निन तेच फोडतात. तयार झालेला माल चुरचुरीत, काळसर असतो आणि त्याला पावसानंतरच्या रानासारखा वास येतो. अन्नद्रव्यं त्यात फारशी नसतात, पण तो पाणी भरपूर धरून ठेवतो. रोपं करायच्या मिश्रणात घालून बघा.

प्रश्न: शेजाऱ्यांच्या झाडाची सगळी पानं मी नेते. त्या झाडाच्या तोंडचं अन्न आपण काढून घेतोय असं मनात येतं. हे बरोबर आहे का?

हे तुमच्या मनात आलं याचं मला फार अप्रूप वाटलं. वर सांगितल्याप्रमाणे निम्मा नायट्रोजन झाड आधीच परत घेतं, पण कॅल्शियम पानातच राहतं. उरलेलंही तिथेच मुरलं असतं तर हळूहळू मुळांकडे गेलं असतं. गांडुळं गळलेली पानं टोकाकडून धरून बिळात ओढतात, हे चार्ल्स डार्विन यांनी प्रयोग करकरून पाहिलं आणि १८८१ साली प्रसिद्ध केलं. पाचोळ्याखाली फुलपाखरांचे कोष आणि काजव्यांच्या अळ्याही असतात.

तेव्हा फरशी, वाट, गच्ची, छप्पर इथली सगळी पानं खुशाल घ्या. ती एरवी जाळलीच गेली असती. झाडाच्या बुंध्याभोवतीच्या मातीवरची मात्र राहू द्या, चार बोटं जाडीचा थर, खोडाला न चिकटवता. शेजाऱ्यांनाही तसं सांगा. आणि त्यांना खताचा डबा न्याल तेव्हा त्यातलं थोडं त्या झाडाखालीच घाला.