खासगी जमिनीवरचं कातळशिल्प वाचवायला एखादी संस्था ती जमीन विकत घेऊ शकते का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, कोरीव चित्रं आहेत, शेजारच्या सर्व्हे नंबरात चिरेखाण (जांभ्या दगडाचे चिरे काढायची खाण) सुरू झालीय, आणि घरचे म्हणतात जागा एखाद्या संस्थेला देऊन टाकू, अमेरिकेत तसंच करतात. अमेरिकेतली संस्था मालकाला पैसे मोजते, हे आधी घरच्यांना सांगा.

तिकडे न्यू मेक्सिको राज्याच्या नैऋत्य भागात मिंब्रेस या तिथल्या मूळ लोकांच्या हजारेक वर्षांपूर्वीच्या वस्त्या आहेत. त्यांच्या काळ्या-पांढऱ्या चित्रांच्या वाडग्यांना बाजारात एवढा भाव आला की लोकांनी बुलडोझर घालून वस्त्या उकरल्या. जमीन खासगी, आणि तिथल्या कायद्याने त्यात सापडलेली वस्तू मालकाची, मग अडवणार कोण? या लुटीच्या काळात, 1980 मध्ये, आर्किऑलॉजिकल कॉन्झर्व्हन्सी ही संस्था निघाली. काम सरळ आहे: वर्गणी जमवायची, मालकाला गाठायचं, जमीन खरेदी करायची आणि राखायची. आजवर पाचशेहून जास्त जागा त्यांनी अशा राखल्यात. काही मालक कमी दरात देतात आणि सोडलेल्या रकमेवर करसवलत घेतात, ते वेगळं. ओहायो राज्यात चिलिकोथी गावाजवळ तिथल्या मूळ लोकांनी दोनेक हजार वर्षांपूर्वी रचलेले मातीचे बांध असलेलं एक शेत 2014 मध्ये लिलावात निघालं, तर तिथल्या संस्थांनी वर्गणी काढून बोली लावली आणि ते सोडवलं.

आता आमच्याकडे काय झालं ते ऐका.

आमचं गाव राजापूर तालुक्यात. सड्यावर आमचा सामाईक नंबर आहे, निम्मा पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा. त्यात दोन मासे, एक मोर म्हणावा असा पक्षी आणि कमरेखालचा माणूस कोरलेला आहे. लहानपणी आम्ही गुरं घेऊन तिथे बसायचो, पांडवांनी एका रात्रीत काढलं असं आजी सांगायची. मग कातळशिल्पांचं नाव झालं. रत्नागिरीच्या निसर्गयात्री संस्थेच्या मंडळींनी सडे पालथे घालून जिल्हाभरची चित्रं उजेडात आणली, 2022 मध्ये कोकणातली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, आठ महाराष्ट्रातली आणि एक गोव्यातलं. आमचा सडा त्यात नाही, पण माणसं यायला लागली. बाबा त्यांना सड्यावर घेऊन जायचे, परत आल्यावर कोकम सरबत द्यायचे. पावसाळ्यानंतर चित्रांवरची माती आणि गवत काढायचं काम बाबांचंच.

एका गणपतीत सगळे चाकरमानी जमलेले असताना शहरातल्या एका संस्थेचे दोघे आले. म्हणाले, चित्रांपुरती वीस गुंठे जागा बक्षीसपत्राने द्या, आम्ही कुंपण घालू, पाटीवर घराण्याचं नाव लावू. बाबांनी विचारलं, किंमत काय देणार? ते हसले. म्हणाले, काका, वारशाची किंमत करायची नसते. त्याच महिन्यात चिरेवाला ॲडव्हान्स घेऊन दारात उभा राहिला होता. बाबांनी ते सांगितलं तर आमचा डोंबिवलीचा दादा, म्हणजे चुलतभाऊ, सगळ्यांसमोर म्हणाला, "काका, पैशासाठी इतिहास विकणार का?"

दादाने त्या जागेचा धारा (शेतसारा) कधी भरलेला नाही. वणवा लागला तेव्हा फांद्या घेऊन कोण धावलं हे त्याला माहीत नाही. बाबांनी चिरेवाल्याला परत पाठवलं होतं, तेही कुणी न सांगता. आणि गंमत पुढेच आहे. बाबांनी कंटाळून "द्या बक्षीसपत्र" म्हटल्यावर सही न करणारा पहिला माणूस दादाच होता. म्हणे रस्ता मोठा झाला की भाव येईल. घराण्याच्या ग्रुपवर मात्र 'आमचा वारसा' म्हणून मोराचा फोटो त्याचाच.

त्या संस्थेने पुढे तालुक्याला कार्यक्रम घेतला, बाबांना शाल-श्रीफळ दिलं. नारळाचं आम्ही खोबरं केलं. शेजारच्या मालकाला कुणी शालही दिली नाही, त्याने खाण दिली. त्याच्या हद्दीत मोठं चौकोनी नक्षीचं चित्र होतं, ते चिरे होऊन कुणाच्या तरी कंपाउंडात गेलं. त्याला मी दोष देत नाही. मुलीचं लग्न होतं, आणि कातळावर दुसरं पिकतं काय?

म्हणून माझं ठाम मत: जी संस्था मालकाकडून जमीन फुकट मागते, ती जपण्याचा सगळा खर्च गावातल्या गरीब माणसावर ढकलते. हॉलच्या भाड्याला पैसे असतात तर वीस गुंठ्यांना का नसावेत?

तुमच्या मूळ प्रश्नाचं: घेऊ शकते, पण सरळ नाही. सातबारा शेतीचा असेल तर 1948 च्या कुळकायद्याचं कलम 63 आडवं येतं. शेतकरी नसलेल्याला विक्रीच नव्हे, बक्षीस आणि भाडेपट्टाही जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय चालत नाही. आमच्या त्या दोघांना हे ठाऊकच नव्हतं. सगळे सहहिस्सेदार आणि वारस, सासरी गेलेल्या आत्या धरून, सहीला लागतात. नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाकडे एकदा जमीन गेली की धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय न्यासाला ती विकता येत नाही, ही जमेची बाजू.

दुसरा रस्ता सरकारी. दादा सांगतो तसं "कळलं की जमीन गेली" असं नाही. 1958 च्या केंद्रीय कायद्यात संरक्षित स्मारक विकत घेणं, भाड्याने घेणं, दान स्वीकारणं हे तर आहेच, पण मालकी तुमच्याकडेच ठेवून पुरातत्त्व खात्याला पालक नेमण्याचीही सोय आहे. नाहीतर कलम 6 खाली मालकाशी करार होतो, आणि तुमच्याकडून पुढे जो मालक होईल त्यालाही तो बांधून ठेवतो. मला विचाराल तर हाच बरा. मात्र केंद्राचं संरक्षण आलं की 100 मीटरात नवीन बांधकाम बंद आणि त्यापुढच्या 200 मीटरात परवानगी लागते. सड्याला लागून घर बांधायचा विचार असेल तर हे आधी मोजून बघा.

मी वकील नाही, राजापुरात चांगला गाठा. आणि सगळ्या संस्था तशा नसतात. स्वतःच्या खिशातून पेट्रोल घालून सडे फिरणारी माणसं मी पाहिलीत, त्यांच्यावर माझा राग नाही. जमीन घेतली म्हणजे चित्र वाचलं असंही नाही. कुंपण घालून वर्षभर कुणी फिरकलं नाही तर गवत माजणार आणि वणव्याने कातळ तडकणार. राखणदार गावातलाच ठेवावा आणि त्याला पगार द्यावा.

तुम्ही आधी मोजणी आणा, चित्रांचे गुंठे वेगळे काढा, भाव ठरवा आणि येईल त्या संस्थेला तो तोंडावर सांगा. हे उत्तर मी आमच्या घराण्याच्या ग्रुपवरही टाकतोय. दादा वाचेलच. आमच्या वीस गुंठ्यांसाठी वर्गणी काढायची झाली तर पहिली पावती त्याच्या नावाने फाडायला मी तयार आहे.